निळ्या गाडीचं मस्टर

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. गेटवर बसायचं, कोण किती वाजता आत आला ते मस्टरवर लिहायचं आणि उशिरा आलेल्याच्या नावापुढे शेरा मारायचा. भोंगा झाला की माझं पेन सुरू. सख्खा मेहुणा तीन मिनिटं उशिरा आला तरी मी त्याला लेट मार्क दिलेला आहे. त्या वर्षी तो दिवाळीला फराळाला आला नाही, तेही माझ्या लक्षात आहे. रिटायर झालो तेव्हा निरोपसमारंभात एकजण भाषणात म्हणाला, की ह्या माणसाच्या नाकासमोरून कुणाला अर्धं मिनिटसुद्धा चोरता आलं नाही. लोक हसले. मला ते कौतुकच वाटलं.

हे सांगायचं कारण असं, की ह्या सवयीपायी माझ्या हातून एक इतिहास लिहिला गेला. कारखान्याचा नाही, गावाचाही नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोटार रेसिंग टीमचा. तोही देवळाली प्रवरा इथल्या आमच्या घराच्या पडवीत बसून, मराठीत, दोनशे पानी वहीत. मी आयुष्यात रेसची गाडी हातभर अंतरावरून पाहिलेली नाही. ऑस्ट्रेलिया तर सोडाच, मी विमानतळसुद्धा बाहेरूनच पाहिलाय.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आमची मुलगी आहे. एकुलती एक, डावखुरी आणि हट्टी. हट्ट कुणाकडून आला यावर घरात दोन मतं आहेत, त्यातलं एक माझं आहे. शाळेत असल्यापासून तिचा जीव ट्रॅक्टरमध्ये. चौफुल्यावरच्या गॅरेजवाल्यानं आमच्या ट्रॅक्टरचा पंप उघडला की ही शेजारी उकिडवी बसलेली, आणि पुढच्या खेपेला तो पंप तिनंच उघडलेला. तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. मग श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मी तिच्यासाठी जवळपास पक्की करून आणली. तेव्हा ती म्हणाली, की मला शिकवायचं नाही, शिकायचंय, आणि तेही ऑस्ट्रेलियात, आणि तेही रेसच्या गाड्यांचं. महिनाभर मी तिच्याशी धड बोललो नाही. शेवटी एकदाच बोललो. म्हणालो, "नट पिळायला एवढ्या लांब कशाला जायाचं? हितं काय नट न्हाईत?"

ती निघाली त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. ओट्यावर तिची मोठी बॅग. बायकोनं तिच्या हातावर दही ठेवलं. मुलगी माझ्या पाया पडली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "येते, आप्पा."

आपल्याकडे निघणारा कधी "जातो" म्हणत नाही. तो "येतो" म्हणतो, आणि मागे राहणारा त्याला "ये" म्हणतो. ऊसतोडीला निघालेल्याला म्हणतात, तालुक्याला दळण घेऊन निघालेल्यालाही म्हणतात. त्याला अक्कल लागत नाही, ते आपोआप तोंडातून येतं. माझ्या तोंडातून आलं, "जा."

बायको माझ्याकडे बघत राहिली. "अहो, ये म्हना की. पोरगी परमुलखात चाल्लीय."

मी घड्याळ पाहिलं. "पुन्याची गाडी चुकंल," म्हणालो.

मुलीनं बॅग उचलली, डाव्या हातानं, आणि गेली. तो शब्द माझ्या घशात राहिला तो राहिलाच. नंतरच्या वर्षांत ती दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा ती निघताना मी नेमका घरी नव्हतो. एकदा शेवगावला पाहुण्यांकडे साखरपुड्याला गेल्तो. दुसऱ्यांदा उसाला पाणी धरायला. पाणी दुसऱ्या दिवशी धरलं असतं तर ऊस काही रुसला नसता. खरं कारण असं, की आता "ये" म्हणायचं म्हणजे तेव्हा "जा" म्हणालो ते चुकलं, असं कबूल करणं. आणि एकदा मारलेला शेरा मी नोकरीत कधी मागे घेतलेला नव्हता.

फोनवर आम्ही बोलायचो. पाऊस किती, ऊस केवढा झाला, गाय कधी व्यायली. गाड्यांचा विषय ती माझ्याशी काढायची नाही आणि मी तिला विचारायचो नाही. ते सगळं ती आईला सांगायची, फोन स्पीकरवर असायचा, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर उलटा धरून ऐकायचो. ऐकता ऐकता कळलं, की शिक्षण झालं, मग एका लहान गावात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपात नोकरी लागली, आणि त्या वर्कशॉपच्या मालकाच्या ओळखीनं तिला एका रेसिंग टीमनं घेतलं. टीमची गाडी निळी. त्यांच्या शर्यतीच्या गाड्या म्हणजे ते मांडीएवढे उंच, चाकं उघडी असलेले प्रकार नाहीत. आपल्या रस्त्यावरच्या चार दरवाजांच्या गाड्यांसारख्याच दिसतात, फक्त आतून सगळं निराळं. हे मला आधी आवडलं. गाडीला दरवाजा पाहिजे.

एकदा मुलीनं आईच्या मोबाईलवर शर्यत दिसेल असं काहीतरी पाठवलं. ही मला म्हणाली, "बघायची का?" मी म्हणालो, "मला काय करायचंय?" आणि रविवारी सकाळी, ही गोठ्यात धार काढत असताना, मोबाईल घेऊन पडवीत जाऊन बसलो. तिकडे भर दुपार असली की आपल्याकडे सकाळ असते. डोंगरावरची त्यांची वर्षाची मोठी शर्यत तर आपल्याकडे उजाडायच्या आतच सुरू होते आणि आपली जेवणं होईपर्यंत चालते.

नुसतं बघत बसणं मला जमत नाही. हाताला पेन लागतं. घरात एक कोरी लांब वही पडलेली होती. मी रकाने आखले: शर्यतीचं ठिकाण, हवा, निघाल्याची वेळ, थांबे, पोचल्याची वेळ, शेरा. शेऱ्याच्या आधी एक अरुंद रकाना आखला आणि त्याला नाव दिलं नाही. मुलगी पडद्यावर दिसली की त्यात एक टिंब द्यायचं. नाव दिलं नाही ते अशासाठी, की वही कुणाच्या हाती लागली तर समजू नये.

पहिल्या वर्षीच्या नोंदी आता वाचल्या की मलाच हसू येतं. गाडी मधूनच गॅरेजपाशी यायची, थांबायची, चारपाच माणसं हेल्मेट घालून तिच्यावर तुटून पडायची, चाकं बदलायची, पेट्रोल भरायची आणि गाडी पुन्हा पळायची. मी दर वेळी लिहिलं, "गाडी बिघडली." एका शर्यतीत गाडी चारदा बिघडली तेव्हा शेरा मारला, "इतकी नादुरुस्त गाडी शर्यतीत उतरवूच नये. देखभाल विभागाने लक्ष द्यावे." देखभाल विभाग म्हणजे आमचीच मुलगी, हे लिहिताना लक्षात होतं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं.

त्याहून मोठा घोटाळा दिव्याच्या गाडीचा. कुठं अपघात झाला की छतावर पिवळा दिवा असलेली एक गाडी सगळ्यांच्या पुढे येते आणि बाकीच्यांना आपल्यामागे हळू चालवत ठेवते, रस्ता साफ होईपर्यंत. मला वाटलं, ही पण शर्यतीतलीच. एवढ्या जोरदार गाड्या मागे लागलेल्या आणि एकालाही तिला ओलांडता येत नाही! एक शर्यत त्या गाडीच्या मागेच संपली. मी लिहिलं, "पहिला नंबर: दिवेवाली. कोणत्या टीमची ते कळले नाही. ड्रायव्हर फार शांत डोक्याचा." सलग दोन महिने मी त्या ड्रायव्हरचा चाहता होतो.

हळूहळू कळत गेलं. इंग्रजी माझं कारखान्याच्या फॉर्मपुरतं, पण शर्यतीत तेच ते शब्द येतात, ते कानाला बसले. मग तिकडे कशामुळे तरी शर्यती बंद असल्या की मी मोबाईलवर ह्या टीमच्या जुन्या शर्यती शोधू लागलो. एकातून दुसरी निघते. मागं मागं जात थेट टीमच्या पहिल्या शर्यतीपर्यंत पोचलो. चित्र इतकं खराब, की निळी गाडी करडी दिसत होती. त्याच्याही नोंदी केल्या, वहीच्या मागच्या बाजूनं उलट्या.

म्हणून सांगतो, ह्या टीमचा इतिहास मला पाठ आहे. एका पत्र्याच्या शेडमध्ये ती सुरू झाली. मालक हा मुळात शेतीच्या यंत्रांचा दुरुस्तीवाला. दुसऱ्या कुणाची ठोकलेली गाडी त्यानं आणली, सहा महिने खपून सरळ केली आणि घरच्या दारांना लावून उरलेला निळा रंग तिला दिला. पहिल्या शर्यतीत ती गाडी सुरूच झाली नाही. ढकलत बाजूला नेली. ढकलणाऱ्यांत मालकाची बायको होती, फुलाफुलांचा फ्रॉक घालून. दुसऱ्या वर्षी गाडी सुरू झाली पण पोचली नाही. तिसऱ्या वर्षी पाऊस आला, मोठमोठ्या टीमच्या गाड्या चिखलात घसरल्या आणि ही ट्रॅक्टरवाल्याची गाडी सावकाश, न घसरता पहिली आली. ती शर्यत मी किती वेळा पाहिली असेल, विचारू नका. एकदा तर बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "मला काय करायचंय म्हनत हुता ना?"

मग चांगले दिवस आले. एकाच्या दोन गाड्या झाल्या, शेड जाऊन मोठं वर्कशॉप झालं. डोंगरावरच्या शर्यतीत एकदा पहिला नंबर, त्यानंतर त्याच डोंगरावर मोठा अपघात. ड्रायव्हर वाचला, पण पुन्हा त्या टीममध्ये दिसला नाही. पुढे जाहिरातवाले पाठ फिरवून गेले, दोनाची पुन्हा एक गाडी झाली. आमची मुलगी आली ती ह्या एका गाडीच्या काळात. मधल्या फळीत पळायचं, एखाद्या दिवशी पुढच्या पाचात यायचं, त्यावर आठवडाभर खूश राहायचं. मलाही त्यांची सवय लागली. निळी गाडी सातवी आली की माझ्या रविवारच्या जेवणाला चव यायची.

मुलीला मी पहिल्याच शर्यतीत ओळखलं होतं. सगळे हेल्मेटमध्ये, तोंड कुणाचं दिसत नाही. पण पुढच्या चाकावर एकजण नट काढायचं ते पिस्तुल डाव्या हातात धरायचा. डावखुरी, म्हणजे आमचीच! काय चपळाई! मी टिंबं देत गेलो. "पुढचे चाक: उत्तम." "पुढचे चाक: सर्वांच्या आधी काम संपवले." असे शेरे मी आयुष्यात कुणाला दिले नव्हते.

तितकंच एका माणसानं माझं डोकं फिरवलं होतं. आग लागली तर विझवायला म्हणून एकजण लाल सिलिंडर घेऊन बाजूला उभा असतो. त्यानं पेट्रोल भरणाऱ्यावर नजर ठेवायची, बस्स. पण ह्या टीमचा सिलिंडरवाला, गाडी सुटली रे सुटली की डावा हात वर करायचा. कशासाठी? कुणी बघत नाही, गाडी निघून गेलेली. मी लिहिलं, "सिलिंडरवाला इसम गाडी निघताना डावा हात वर करतो. कारण समजत नाही." पुढच्या शर्यतीत, "पुन्हा हात. कामात लक्ष नाही." डोंगरावरच्या शर्यतीत त्यानं कहर केला. तिथं थांबे जास्त, आणि दर थांब्याला हात. मी चिडून लिहिलं, "आज सात वेळा हात. समज द्यावी." ह्या शेऱ्याखाली सवयीनं सहीसुद्धा केली.

असं चाललं होतं. मग गेल्या हंगामात मुलगी आईला म्हणाली, की टीम आता बंद होतेय, दुसऱ्या मोठ्या टीममध्ये मिसळतेय. मालक थकलाय. माणसांना नवीन टीम घेणार आहे, त्यामुळे काळजी नाही. पण म्हाताऱ्याला जायच्या आधी टीमचा इतिहास पुस्तकासारखा करून सगळ्यांना द्यायचाय आणि कागद एकही नाही. मागे नदीचं पाणी वर्कशॉपात शिरलं तेव्हा सगळी दप्तरं गेली. कोणत्या शर्यतीला कितवा नंबर, किती थांबे, कोण कुठं होतं, धड कुणालाच आठवत नाही. सगळे आपापल्या परीनं सांगतात आणि भांडतात.

मी शेजारच्या खोलीत होतो. हिचा आवाज आला, "त्यात काय एवढं? तुझ्या आप्पाच्या वहीत असंल की सगळं."

मग मुलगी म्हणाली, "कसली वही?"

मी पेपर सरळ करून वाचायला लागलो.

ती डिसेंबरात आली. उसाचा हंगाम ऐन भरात, रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा. तिनं बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वही दावा." मी दावली. दुसरं काय करणार?

चार दिवस आम्ही ओट्यावर बसून होतो. मी वाचायचं आणि तिनं इंग्रजीत करून टाइप करायचं. मधे मधे ती इतकी हसायची, की मोबाईल बाजूला ठेवावा लागायचा. दिवेवालीचा पहिला नंबर तिनं तीनदा वाचून घेतला. मी रागावल्यासारखं केलं, पण मला मजा येत होती. किती वर्षांनी ती माझ्याशेजारी एवढा वेळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिचं बोट त्या बिननावाच्या रकान्यावर आलं. "ही टिंबं कशाची?"

मी म्हणालो, "आसंच."

बायको कणसं सोलत होती. "सांगा की आता," ती म्हणाली. "तू दिसलीस का एक टिंब, आसं हाय ते."

मुलगी पानं मागं-पुढं करत राहिली. प्रत्येक पानावर टिंबं. तिचे डोळे भरले आणि माझी मान खाली गेली. मग तिनं विचारलं, "पन मला वळकलं कसं तुमी? हेल्मेटात?"

मी ऐटीत पुढच्या चाकाचं सांगितलं. डावा हात, चपळाई, सगळं. ती ऐकत राहिली आणि मग तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. "आप्पा, ती मी न्हाईच! तो आमचा दोन पोरांचा बाप हाय. दाढीवाला. तोबी डावखुराच!"

म्हणजे सलग दोन हंगाम मी एका दाढीवाल्या गड्यावर जीव टाकत होतो. त्याला उत्तम म्हणत होतो. बायकोनं कणसं टाकून कपाळाला हात लावला. हसून हसून तिघांचीही पुरेवाट झाली.

"मग तू कुठली?" मी विचारलं.

तिचं हसू थांबलं. "सांगते मग," म्हणाली आणि पुढचं पान काढलं. त्या पानावर सिलिंडरवाल्याचा शेरा होता. तो तिनं न हसता टाइप केला. मला वाटलं, दमली असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टीमच्या मालकाचा फोन आला, तोंड दिसणारा. म्हातारा खुर्चीत, शेजारी त्याची बायको. फ्रॉक निराळा होता, पण मी तिला लगेच ओळखलं. पहिल्या शर्यतीत गाडी ढकलताना तिच्या अंगावर फुलाफुलांचा फ्रॉक होता हे मी मुलीकरवी सांगितलं तेव्हा ती बाई तोंडावर हात धरून किती वेळ बसली. मग त्या पावसातल्या शर्यतीची माझी नोंद मुलीनं वाचून दाखवली. म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. भाषा कळायची गरजच पडली नाही. मी हात जोडले, त्यानंही जोडले.

फोन बंद करायची वेळ आली. म्हाताऱ्यानं डावा हात वर केला आणि माझ्याकडे बघत स्वच्छ म्हणाला, "ये."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याच्या बायकोनंही हात वर केला. "ये." फोन बंद झाला.

"ह्याला मराठी कुनी शिकवलं?" मी विचारलं.

मुलगी वहीच्या कडेशी खेळत होती. "मी," ती म्हणाली. "पैल्या शर्यतीला माज्याकडं सिलिंडर हुतं. गाडी सुटली आन् माज्या तोंडातनं आपसूक आलं, ये. हातबी वर गेला. सगळे हसले, म्हनले, हे काय? मी म्हनलं, आमच्याकडं निघनाऱ्याला आसंच म्हनत्यात, जा म्हनत न्हाईत. मग म्हाताऱ्याला ते लई आवडलं. पुढं सगळेच म्हनायला लागले. गाडी सुटली का ये."

मी वहीकडे बघितलं. सिलिंडरवाला इसम. डावा हात. तो हात डावा आहे हे मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि एवढी वर्षं लोकांच्या हातांवर नजर ठेवून नोकरी केलेल्या माणसाला तो आपल्या मुलीचा हात आहे, हे कळलं नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "निघताना ये म्हनायला कुनीतरी पायजे ना. गाडी असली तरी."

तिनं टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं, मी उलट काही बोललो असतो. मी उठलो आणि गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो. रडलो म्हणायला हरकत नाही. मला स्वतःचा राग आला होता आणि त्याच वेळी आत कुठंतरी फार बरंही वाटत होतं. मी नाकारलेला शब्द ती टाकून गेली नव्हती. तो तिनं तिकडे नेऊन चार परक्या माणसांच्या तोंडी घातला होता.

दुपारी जेवणानंतर मी पेन काढलं. मस्टरवर खाडाखोड करायचा नियम असतो. गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. "समज द्यावी" या शब्दांवर मी तशी रेघ मारली. मग समासात लिहिलं, "सदर इसम आमची कन्या आहे. शेरा मागे घेण्यात येत आहे." आणि सही केली. पुढच्या चाकाची टिंबं मात्र राहू दिली. त्या दाढीवाल्यानं काम चोख केलं होतं, त्याचं का काढून घ्यायचं?

मुलीनं ते पान वाचलं, त्याचा फोटो काढला आणि तसाच तिकडे पाठवला. म्हाताऱ्यानं कळवलं, की पुस्तकात हे पान आहे तसं, मराठीतच छापायचं, खोडलेल्या रेघेसकट. मी म्हणालो, अक्षर जरा बरं काढलं असतं.

जानेवारीत ती निघाली. नवीन टीम, गाडी आता हिरवी. मी नवी वही आणून रकाने आखून ठेवले होते आणि ह्या खेपेला अरुंद रकान्याला नावही दिलं होतं: कन्या. त्या दिवशी मी शेवगावला गेलो नाही. उसाला पाणीही धरलं नाही. सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसून होतो. राहुरीच्या स्टँडवर सोडायला शेजाऱ्याची जीप दारात लागली होती. बायकोनं दही दिलं. मुलगी वाकली, पाया पडली.

"येते, आप्पा."

"ये," मी म्हणालो.

आवाज नीट निघाला नाही. ती जीपपर्यंत गेली, बॅग आत टाकली, एक पाय वर ठेवला आणि तशीच थांबली. मग उतरून पुन्हा ओट्यापाशी आली.

"नीट ऐकू आलं न्हाई. परत म्हना."

"ये," मी म्हणालो, आणि हातही वर केला. "ये गं बाई. लवकर ये."

ती तिथंच उभी राहिली, माझा सदरा धरून. जीपवाल्यानं हॉर्न दिला. बायको दारातून माझ्याच जुन्या आवाजात म्हणाली, "अहो, सोडा तिला. पुन्याची गाडी चुकंल."

मी घड्याळ पाहिलं नाही.

"चुकू दे," म्हणालो.